चिकानो पार्क डे पुलाखालून हलवावा का?

दक्षिणवारा
कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या पुलाखालच्या बागेत चिकानोंचा, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांचा, दर एप्रिलला जो सण भरतो, तो चिकानो पार्क डे तिथून हलवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्यावर कोरोनाडो पुलाचे जोडरस्ते, बाजूला आय-५ महामार्ग, पलीकडे जहाजबांधणीचे कारखाने. प्रदूषणाचा भार जास्त असलेल्या वस्त्यांसाठी राज्याने जो कार्यक्रम काढला, त्यात २०१८ मध्ये या भागाची निवड झाली, ती उगाच नाही. १५ ऑक्टोबर २०१६ ला वरून एक पिकअप ट्रक कठडा ओलांडून थेट खालच्या बागेत चाललेल्या मेळ्यात कोसळला, चार माणसं गेली. आणखी काय व्हायला हवं? खाडीकाठी मोठं मैदान घ्या, तिकीट लावा, पाच मेच्या जत्रांसारखे बिअर कंपन्यांचे प्रायोजक घ्या. पार्किंग, शौचालयं, सावली, सगळं मार्गी लागेल. नाच, गाणं, खाणं यातून मेक्सिकन वारसा कुठेही दाखवता येतो. शाकाहारी पदार्थांचा वेगळा विभागही करता येईल. आत्ता तिथे आपल्यासारख्यांना खाण्याजोगं काही नसतं.

निळा_खांब
वारसा कुठेही दाखवता येतो, हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. हा दिवस कशाचा आहे, तेच तुम्ही बाजूला ठेवलंत. पाच मे ही १८६२ च्या पुएब्ला लढाईची तारीख, १६ सप्टेंबर १८१० च्या स्वातंत्र्य-उठावाची. मेक्सिकोच्या इतिहासातले हे दिवस कुठल्याही शहरात साजरे करा, काही बिघडत नाही. चिकानो पार्क डे मात्र २२ एप्रिल १९७० चा आहे आणि तो त्याच जमिनीवर घडला.

आधी १९६३ मध्ये आय-५ ने लोगन हाइट्स ही मेक्सिकन वस्ती मधोमध चिरली. मग पुलासाठी आणखी घरं पाडली. १९६९ मध्ये पूल सुरू झाला आणि वस्तीच्या वाट्याला सिमेंटचे खांब आले. पुलाखाली बाग देऊ, असा शब्द दिला होता. प्रत्यक्षात बुलडोझर आले महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी जागा सपाट करायला. लोकांनी यंत्रांसमोर साखळी केली, बारा दिवस जागा सोडली नाही, तिथेच निवडुंग आणि झाडं लावायला सुरुवात केली. शेवटी राज्य आणि शहर दोघांनाही वाटाघाटीला बसावं लागलं. ज्या खांबांनी घरं गिळली तेच रंगवायचे, ही कल्पना चित्रकार साल्वादोर तोरेस यांनी लावून धरली आणि १९७३ पासून भित्तिचित्रं सुरू झाली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तोही या चित्रांमुळे आणि त्या लढ्यामुळे. खाडीकाठच्या मैदानात नेलंत तर उरेल काय? खाण्याचे स्टॉल आणि एक मंच. तो मेळा असेल, चिकानो पार्क डे नव्हे.

बिअरबद्दलही एकदा बोलू. पाच मेचा उत्सव कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी १८६० च्या दशकातच सुरू केला होता, लढाईची बातमी आल्या आल्या. तो अमेरिकाभर पिण्याचा दिवस झाला १९८० च्या दशकातल्या बिअरच्या जाहिरातींमुळे. तीच वाट तुम्ही इथे सुचवताय. प्रायोजक आला की मंचामागचा पडदा त्याचा, कमान त्याची, आणि पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकाही त्याच्या सोयीची.

दक्षिणवारा
इतिहास मला ठाऊक आहे. चार मृत्यूंचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

निळा_खांब
देतो. धोका वरच्या वळणावर आहे, तेव्हा उपायही वरच हवा. वेगावर लगाम, कठड्याची उंची आणि सणाच्या दिवशी तो जोडरस्ता काही तास बंद. खाली करायचं ते इतकंच, की वळणाच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत स्टॉल किंवा खुर्च्या लावायच्या नाहीत. घसरलेलं वाहन बाहेरच्या बाजूलाच पडतं. त्या पट्ट्यात चित्रं पाहत लोक चालतील, तासन्‌तास बसणार नाहीत. आणि एक सांगा, मुलं त्या बागेत वर्षाचे ३६५ दिवस खेळतात. रस्ता धोक्याचा असेल तर एका शनिवारी सण हलवून त्यांना काय मिळालं?

तळटीप
निळा_खांब यांचं जोडरस्त्याबद्दलचं म्हणणं पटलं, हे नाइलाजाने कबूल करते. पण तुम्ही दोघंही घरभाड्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बॅरिओ लोगनमध्ये, म्हणजे बागेभोवतीच्या वस्तीत, घरं आणि भंगारकारखाने एकाच गल्लीत नांदतात, कारण जुन्या झोनिंगने, म्हणजे जमीनवापराच्या नियमांनी, दोन्हीला परवानगी दिली. ते सुधारायला शहराने २०१३ मध्ये नवा आराखडा मंजूर केला. जहाजबांधणी उद्योगाने सार्वमत लावलं आणि जून २०१४ मध्ये शहरभरच्या मतदारांनी तो पाडला. ज्यांनी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नसेल, त्यांनीही मतं दिली. नवा आराखडा यायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात लोगन अव्हेन्यूवर गॅलऱ्या आल्या, बिअर गाळणारे आले, भाडी चढली. या सगळ्याला रंगीत चेहरा हा सण देतो. भिंतींचे फोटो पाहून लोक घरं बघायला येतात. अभिमानाचा सण करताना भाडेकरूंच्या बाजूने काय केलं, याचा हिशेब संयोजकांकडे मागायला हवा.

निळा_खांब
भाडं सणामुळे चढलं म्हणताय? मग सण नसलेल्या वस्त्यांमध्ये ते का चढलं? त्या किनारी शहरात भाडी सगळीकडेच चढली आहेत. सण बंद केलात तर वस्तीचा एकमेव मोठा आवाज जाईल आणि भाडं एका पैशाने उतरणार नाही.

तळटीप
बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. नीट वाचा. मंचावरून भाडेकरू संघटनांना वेळ द्या आणि स्टॉल देताना ९२११३ या वस्तीच्याच पिनकोडातल्या विक्रेत्यांना आधी द्या, इतकंच म्हणणं आहे. राज्याने २०१८ च्या कायद्याने पदपथावरच्या विक्रीला गुन्ह्याच्या कक्षेतून काढलं आणि २०२२ च्या कायद्याने खाद्यविक्रेत्यांच्या आरोग्य-परवान्याच्या अटी सैल केल्या. म्हणजे स्थानिक बाईची तमालेची (मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्या पानात वाफवलेल्या पदार्थाची) गाडी आज कायद्याने उभी राहू शकते. तिला बाजूला सारून बाहेरचा फूड ट्रक आत घेतला तर दोष कायद्याचा नाही.

कोरडा_चुना
तमालेचा विषय निघालाच आहे, तर दक्षिणवारा यांच्या ‘शाकाहारी विभागा’वर लिहितो. तमालेत आत भाजलेली मिरची आणि चीज असलं, तरी बाहेरच्या पिठात डुकराची चरबी फेटलेली असते आणि ते बहुधा मांसाच्या रश्शात सैल केलेलं असतं. सारण पाहून शाकाहारी ठरवणारे फसतात. विचारायचं ते पिठाबद्दल. त्यांनी पदार्थ बदलावा अशी अपेक्षा धरणं मला पटत नाही. सण त्यांचा आहे.

जास्वंद
चरबीऐवजी तेल घातलं की झालं, त्यात एवढं काय?

कोरडा_चुना
नाही होत. चरबी घट्ट असते, फेटताना ती हवा धरते आणि तमाले हलका होतो. तेल हवा धरत नाही, पीठ दडदडीत राहतं. प्रमाण असं: १ किलो ओल्या वाटलेल्या मक्याच्या पिठाला २५० ते ३०० ग्रॅम चरबी. आधी नुसती चरबी पांढरी, हलकी होईपर्यंत फेटायची. मग पीठ थोडं थोडं, मीठ, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, आणि कोमट रस्सा पीठ मागेल तेवढा. गार पाण्यात पिठाची गोळी टाकायची. तरंगली तर झालं, बुडाली तर अजून फेटा. तेलाच्या पिठाची गोळी बुडते. शाकाहारी करायचंच तर घट्ट वनस्पती चरबी घ्या किंवा थंडीत गोठलेलं खोबरेल. रश्श्याच्या जागी मिरच्या भिजवलेलं पाणी.

जास्वंद
आणि रवाळ तूप?

कोरडा_चुना
चालेल, पण भांडं गार ठेवा. उन्हाळ्यात ते फेटतानाच पातळ होतं आणि मग तेलासारखंच वागतं.

मेट्याटे
माफ करा, पण पीठ कुठलं हा प्रश्न चरबीच्या आधीचा आहे. पाकिटातलं कोरडं पीठ पाण्यात कालवून जे विकतात, ते खाऊन मेक्सिकन स्वयंपाकावर मत बनवू नये. मका चुन्यात शिजवून ताजा वाटलेला असेल तरच त्याला वास येतो आणि ते बांधून येतं.

तळटीप
हा स्टॉलवाल्यांवर अन्याय आहे. पहाटे चारला उठून शेकडो तमाले बांधणाऱ्या बाईने मकाही रात्रभर भिजवून जात्यावर वाटावा? पाकिटातलं पीठही चुन्यातच शिजवलेल्या मक्याचं असतं, फक्त वाळवून दळलेलं.

मेट्याटे
बरं, गर्दीसाठी कोरडं पीठ चालवून घेऊ. आवडीने नव्हे. चवीत फरक नाही, असं मात्र म्हणू नका.

जास्वंद
इथे भारतात पानाच्या चुन्याच्या निवळीत मका शिजवला तर चालेल ना? निवळी स्वच्छ असते.

कोरडा_चुना
निवळीनेच घोटाळा होतो. १ किलो कोरड्या मक्याला सुमारे १० ग्रॅम कोरडा विझवलेला चुना आणि ३ लिटर पाणी लागतं. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरमागे दोन ग्रॅमही नाही. ३ लिटर स्वच्छ निवळीत जेमतेम ५ ग्रॅम असतो, म्हणजे निम्मा. दाण्याने तो ओढला की पाण्यात पुन्हा विरघळायला काही उरत नाही. साल सुटत नाही, पीठ भसकतं, गोळा फाटतो. पांढरं गढूळ पाणीच हवं, तळाशी साका हवा. पानाच्या डबीतला चुना ओला असतो, त्यात पाणी किती ते कळत नाही आणि कधी सुगंधही घातलेला असतो. म्हणून खाण्याच्या दर्जाचा कोरडा चुनाच आणा. भिंतीला लावायचा नको.

मंद आचेवर अर्धा तास ठेवा, खळखळ उकळी नको, मग आच बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दाणा चिमटीत चोळला की साल निसरडी होऊन सुटली पाहिजे आणि दाणा तोडला तर मध्ये बारीक पांढरा ठिपका राहिला पाहिजे. तो ठिपकाही गेला तर मका जास्त शिजला, पीठ चिकट होईल. चुना जास्त झाला तर पीठ पिवळं पडून कडवट लागतं. दोन-तीन पाण्यांनी धुवा, पण साल शंभर टक्के काढत बसू नका, थोडी राहिली तर पीठ बांधून येतं. भांडं स्टीलचं. चुना ॲल्युमिनियम खातो. आणि अमेरिकन गोड मका घेऊ नका, त्यात स्टार्च पुरेसा नसतो. वाळलेला, पिठूळ दाण्याचा पांढरा मका हवा.

मेट्याटे
एक भर घालतो. मक्यातला नायसिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला मिळतो तो या चुन्याच्या प्रक्रियेमुळेच. मका युरोपात गेला, ही पद्धत गेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्यांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, पसरला.

दक्षिणवारा
मी सुरक्षेचा आणि जागेचा प्रश्न विचारला होता. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात शिरलात. शिवाय लोराइडरांचा, म्हणजे जमिनीलगत खाली बसवलेल्या सजवलेल्या गाड्यांचा, मुद्दा कोणीच घेतला नाही. पुलाखाली बंदिस्त जागेत ती गाडी उड्या मारते, कर्कश आवाज, धूर. हे तरी मैदानात जायला हवं की नाही?

निळा_खांब
लोराइडर आणि हा सण तोडता येत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकात चाकाच्या रिमपेक्षा खाली बसलेल्या गाड्यांवर बंदी घातली. म्हणून तर पंप, सिलिंडर आणि बॅटऱ्या बसवून गाडी वर-खाली करायची युक्ती निघाली. पोलीस दिसले की उचला, गेले की बसवा. शेजारच्या नॅशनल सिटीत १९९२ पासूनची, रस्त्यावर अशा गाड्यांनी हळूहळू फेऱ्या मारण्यावरची बंदी २०२३ मध्ये उठली आणि राज्याने १ जानेवारी २०२४ पासून अशा स्थानिक बंद्याच काढून टाकल्या. तीस वर्षं ज्यासाठी दंड झाला, ते आता ‘मैदानात न्या’ म्हणणं मला चुकीचं वाटतं.

उड्यांबद्दल मात्र तुमचं थोडं खरं आहे. उडी मारणारी गाडी सहा किंवा जास्त बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून चालते, म्हणजे ७२ व्होल्ट आणि वर. सोलेनॉइडचे (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचे) संपर्कबिंदू तापून चिकटले तर बटण सोडूनही पंप चालूच राहतो. म्हणून मुख्य वायर एका झटक्यात तोडता येईल अशी जोडणी डिकीत हवी आणि तिच्याजवळ एक माणूस उभा हवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा डिकी उघडी ठेवायची. प्रेक्षक गाडीच्या नाकासमोर नकोत, बाजूला हवेत, कारण फाटलेल्या पाइपचं तेल आणि निसटलेली स्प्रिंग पुढच्या चाकाकडून येते. उड्यांची जागा चित्रांच्या खांबांपासून दूर ठेवा, हे मला मान्य.

रंगारी
खांबांचं नाव निघालं म्हणून सांगते. पुलाखाली सावली आहे म्हणून चित्रं टिकतात, असा समज आहे. प्रत्यक्षात मार महामार्गाच्या काजळीचा आणि सिमेंटमधून येणाऱ्या क्षारांचा. पाणी मुरलं की क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे फुलतात आणि रंग आतून पापुद्र्यासारखा सुटतो. वरून नवा थर दिला तर तोही सुटतो. आधी पाण्याची वाट बंद करायची, क्षार कोरडे घासून काढायचे, क्षार सहन करणारा प्रायमर, मग ॲक्रिलिक, आणि शेवटी वाफ बाहेर सोडणारा पारदर्शक थर. वाफ अडवणारा चकचकीत वॉर्निश दिला की ओल आत कोंडते. सणाच्या दिवशी खांबांना फलक टेकवणं, चिकटपट्टी लावणं, दोऱ्या बांधणं यावर सक्त मनाई हवी. चिकटपट्टीसोबत रंगही निघतो. प्रायोजकांचे फलक नको म्हणणाऱ्यांना हा आणखी एक मुद्दा.

दक्षिणवारा
ठीक. बिअरचे फलक मागे घेतो. जागेबद्दल माझं मत बदललेलं नाही. पार्किंगचं काय?

तळटीप
गाडी आणूच नका. ब्लू लाइन ट्रॉलीचं बॅरिओ लोगन स्थानक बागेपासून चालत काही मिनिटांवर आहे. हीच ट्रॉली सीमेवरच्या सॅन इसिद्रोहून येते, म्हणजे तिहुआनाचे पाहुणेही गाडीशिवाय पोचतात. मैदानात हलवलंत तर पार्किंगचे पैसे आणि वर तिकीट, आणि सर्वांत आधी गळतील ती चार मुलं असलेली त्याच वस्तीतली कुटुंबं.

दक्षिणवारा
तिकिटाचा आग्रह सोडतो. पण वर्षातून एकदा तो जोडरस्ता बंद ठेवायला कोण तयार होतं ते बघू. जोवर तो चालू आहे, तोवर मी हलवा असंच म्हणणार.

निळा_खांब
रस्ता बंद करण्याच्या मागणीवर तुमची सही मिळाली तर मला चालेल. हलवण्याच्या मागणीवर माझी मिळणार नाही.

जास्वंद
कोरडा_चुना, शेवटचं एक. वाफवताना पाणी संपलं हे बाहेरून कसं कळतं? झाकण उघडलं की वाफ जाते.

कोरडा_चुना
तळाच्या पाण्यात एक नाणं टाका. पाणी उकळतंय तोवर ते खडखडतं, थांबलं की कडेने उकळतं पाणी घाला, गार नको. तमाले उभे, उघडं तोंड वर, फार दाटीने नको, फुगायला जागा हवी. ताज्या पिठाला तास ते दीड तास. पान सोललं की पीठ चिकटता कामा नये. चिकटलं तर अजून पंधरा मिनिटं. स्टॉलवर गरम ठेवताना ५७ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्यायचं नाही, तिथला आरोग्य-निरीक्षक थर्मामीटर तमालेच्या मधोमध खुपसून बघतो.