२० मिलिग्रॅमची इम्युनोथेरपी: शहाणपण की गरिबाची बोळवण?

रंकाळ्याकाठी: काकांचा तोंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर ९ महिन्यांत मानेत परत आला. एका खासगी हॉस्पिटलात इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांच्या) खर्चाचा कागद हातात पडला. काकूंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या प्रयोगाबद्दल मला नंतर कळलं.

आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचं कुलूप असतं. ते लागलं की पेशी हल्ला थांबवतात, आणि कॅन्सर नेमकं तेच कुलूप लावतो. हे कुलूप जपानी शास्त्रज्ञ तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. अशा उपचारांचा पाया घातल्याबद्दल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅब हे औषध ते कुलूप लागू देत नाही. नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिग्रॅ. टाटाच्या डॉक्टरांनी दिले २०, तेही दर ३ आठवड्यांनी. म्हणजे ६ आठवड्यांत ७२० ऐवजी ४०! डोक्या-मानेचा कॅन्सर (तोंडाचाही त्यातच येतो) उलटलेले किंवा पसरलेले १५१ पेशंट होते. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब या गोळ्या, निम्म्यांना सोबत हे इंजेक्शन. वर्षभरानंतर जिवंत: नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४.

पूर्ण डोस परवडत नसेल त्याला हा पर्याय सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक हवं.

उलटतपासणी: काकांचं वाचून वाईट वाटलं. पण या प्रयोगात २० ची गाठ २४० शी पडलेलीच नाही. नुसत्या गोळ्यांपेक्षा सोबत २० दिलेले बरे, एवढंच सिद्ध झालं. मधला पेशंट (निम्मे त्याच्याहून कमी जगले, निम्मे जास्त) ६.७ महिन्यांऐवजी १०.१ महिने जगला, तोही एकाच संस्थेच्या प्रयोगात. उद्या विमा कंपनी म्हणेल, २० पुरतात की! मग पैसेवाल्याला पूर्ण डोस आणि गरिबाला पुडी.

रंकाळ्याकाठी: सध्या गरिबाला पुडीही मिळत नाही, साहेब.

पेशीपुराण: अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत किलोमागे ०.१ पासून १० मिग्रॅपर्यंत डोस दिले गेले आणि 'याच्या वर सोसत नाही' अशी हद्द सापडलीच नाही. किलोमागे ०.३ मिग्रॅलाही बहुतेक कुलपं अडलेली दिसली. ६० किलोच्या माणसाला २० मिग्रॅ म्हणजे साधारण तेवढेच. कुलपं मोजकी असताना किल्ल्यांचं पोतं कशाला?

उलटतपासणी: ती कुलपं मोजली रक्तातल्या पेशींवर. गाठीच्या आत काय चाललंय?

पेशीपुराण: हा मुद्दा मान्य. २० विरुद्ध २४० अशी सरळ चाचणी मोठ्या प्रमाणावर हवी. पण आपलं औषध कमी खपावं म्हणून पैसे घालणारी कंपनी मी तरी पाहिली नाही. सरकारलाच करावं लागेल.

वायलवाली_ताई: मी केमोच्या औषधांच्या काउंटरला आहे. एक साधी गोष्ट सांगते. या इंजेक्शनची सर्वात लहान वायल, म्हणजे औषधाची बाटली, ४० मिग्रॅची. २० वापरले की उरलेलं घरी नेता येत नाही, फार दिवस ठेवताही येत नाही. म्हणून दोन पेशंट एकाच दिवशी बोलवायचे. आमच्याकडे मंगळवार होता. जोडीतला एक आला नाही की दुसऱ्याला पूर्ण वायलचे पैसे, नाहीतर नवी तारीख. त्या वेळी नातेवाइकांचा चेहरा बघवत नाही. परळला गर्दी आहे म्हणून जोड्या जमतात. तालुक्याला कुठून आणणार?

उलटतपासणी: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असो. 'बंधनकारक' काढा, 'सांगावं' ठेवा. आणि सांगायचं तर पूर्ण सांगा: पूर्ण डोसशी बरोबरी सिद्ध झालेली नाही.

रंकाळ्याकाठी: दुसरं वाक्य घेतो. 'बंधनकारक' काढणार नाही. ऐच्छिक ठेवलं की काय होतं ते काकूंच्या पर्समध्ये आहे.

सांगोला_एसटी: सासऱ्यांना डॉक्टरांनी हाच छोटा डोस सुचवलाय. वायलचा जोडीदार आपणच शोधायचा असतो का?

वायलवाली_ताई: नाही हो दादा, तुम्ही नका शोधू. औषध विभागात विचारा, यादी त्यांच्याकडे असते. आणि निघायच्या आधी फोन करा, दुसरा पेशंट नक्की येतोय ना म्हणून.