‘सिनेमाने समाज बदलत नाही’ म्हणणाऱ्यांना कोल्हापुरातून उत्तर

मंगळवारपेठी : गेल्या आठवड्यात खासबागवाला यांनी लिहिले की, सिनेमा हा आरसा आहे, आरशाने कोणाचे तोंड बदलत नाही आणि सामाजिक न्याय कायद्याने मिळतो, तिकीट काढून नव्हे. या वाक्याने मला चार दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, त्या गावात राहून हे म्हणवते तरी कसे? पडद्यावर देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांची चलती असताना त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी उभा केला. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला आपली दैना नशिबाने नव्हे, तर माणसाने केलेली आहे, हे डोळ्यांना दिसावे, यासाठी मूकपटही पुरेसा होता. आरसाच म्हणायचा, तर त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे कोणीतरी ठरवतेच. आपल्या बोलीचेच पाहा. पडद्यावर ती गड्याच्या, गुंडाच्या नाहीतर बावळटाच्याच तोंडी येते.

खासबागवाला : बाबूरावांबद्दलचा आदर मलाही आहे. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कोल्हापुरात एकही चित्रपट तयार झालेला नव्हता. न्याय त्या हुकुमाने आला. २०१६ साली ‘सैराट’ पाहायला आमचे सगळे घर गेले होते. गाण्यावर माझे मेहुणे पडद्यासमोर जाऊन नाचले, आणि शेवटी ते लहान मूल रक्ताच्या पावलांनी बाहेर पडले, तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. मेहुण्यांचेही डोळे पाणावलेले मी पाहिले. दोन महिन्यांनी त्यांच्याच मुलीने जातीबाहेरच्या मुलाचे नाव घेतले, तर त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला आणि दिवाळीच्या आत नात्यातल्या मुलाशी तिचे लग्न लावून दिले. मीही त्या बैठकीत होतो आणि गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते. सांगा, काय बदलले?

गडहिंग्लजची : दादा, आपण कायद्याचे नाव घेतले म्हणून लिहिते. देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा राजर्षींनी १९२० सालीच केला होता. त्यानंतर पन्नास वर्षांनी माझ्या सख्ख्या मावशीच्या केसांत जट दिसली, म्हणून तिला आठव्या वर्षी सौंदत्तीच्या यल्लमाला नेऊन तिच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधले. कायदा कागदावर होता आणि मावशी परडी घेऊन दारोदार फिरत होती. आमच्या भागातल्या बायकांनी पुढे मोर्चे काढले, त्यांचे श्रेय मी कोणत्याही सिनेमाला देणार नाही. पण २००९ साली याच प्रथेवरचा ‘जोगवा’ हा सिनेमा आला आणि माझ्या वर्गातल्या दोन मुली मावशीला भेटायला घरी आल्या. त्यांनी तिला विचारले, “तुम्हाला सोडले तेव्हा तुम्ही केवढ्या होता?” तोवर तिला हे कोणीच विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

पंचगंगाकाठ : बोलीचा मुद्दा ओझरता जाऊ नये. आमच्याकडे बायका ‘मी जातो, मी जेवतो’ असेच बोलतात. माझी आई तसेच बोलायची, मुलगीही तसेच बोलते. ती पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेली आणि बोलता बोलता ‘मी करतो’ म्हणून गेली. समोरच्या साहेबांनी हसून तिला एखादा ठसकेबाज कोल्हापुरी संवाद म्हणून दाखवायला सांगितले. अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात आलेली मुलगी तिथे करमणुकीचे साधन झाली. त्या साहेबांनी कोल्हापूर पडद्यावरच पाहिले असणार, दुसरे काय?

खासबागवाला : दोष त्या साहेबांचा आहे. आणि खरे बोलायचे तर दोष आपलाही आहे. आपलेच लोक असले संवाद लिहून देतात, आपल्याच वाड्यांत चित्रीकरण होते आणि चार दिवसांच्या मजुरीसाठी आपलीच माणसे रांगडेपणा विकतात.

लाइटवाला : विकतात हा शब्द आपण मागे घ्यावा. मी अठरा वर्षे सेटवर दिवे लावतो आहे, चित्रनगरीतही लावले आणि गावोगावच्या वाड्यांतही लावले. आमच्या घरची चूल त्यावर पेटते. संवाद आम्ही ठरवत नाही. पाटलांच्या वाड्याचा एक प्रसंग होता. मालकीणबाई, सून, डॉक्टर झालेला मुलगा हे सगळे प्रमाण मराठी बोलणार, आणि त्याच घरात जन्म काढलेला गडी तेवढा “व्हय जी” म्हणणार. आमच्यातल्या एकाने धीर करून सांगितले की, इकडे पाटलीणबाईसुद्धा गड्यासारखेच बोलतात. त्यावर उत्तर मिळाले की, मग मालक कोण आणि नोकर कोण, हे प्रेक्षकाला कळणार कसे?

मंगळवारपेठी : माझे म्हणणे याहून स्पष्ट मला मांडता आले नसते. कोणती भाषा ऐकल्यावर कोणाला खाली बसवायचे, हे प्रेक्षकाला रोज संध्याकाळी शिकवले जाते. पंचगंगाकाठ यांच्या मुलीसमोर बसलेले साहेब तेच शिकून आले होते.

खासबागवाला : लाइटवाले दादा, तो शब्द मी मागे घेतो, तो आपल्यासाठी नव्हता, तरी आपल्याला लागला. सिनेमा बिघडवू शकतो, एवढे मी मान्य करतो, तेही नाइलाजाने. तो सुधारू शकतो, हे मात्र मला अजून पटलेले नाही. माझी भाची नांदते आहे, पण माहेरी आली की वडिलांशी बोलत नाही, आणि ते मेहुणे त्याच गाण्यावर अजूनही वरातीत नाचतात.

मंगळवारपेठी : बिघडवण्याचे बळ ज्याच्यात आहे, त्याच्यात घडवण्याचेही आहे, ते वापरणारे थोडे आहेत, एवढे मला मान्य आहे. आणि त्या बैठकीत गप्प बसल्याची जी लाज आपल्याला आजही वाटते, तिच्यात त्या शेवटच्या दृश्याचा काहीच वाटा नाही का?

खासबागवाला : याचे उत्तर मी आज देऊ शकत नाही. ताई, एक विचारायचे राहिले. मावशींनी स्वतः तो सिनेमा पाहिला का?

गडहिंग्लजची : पाहिला. त्या दोघी मुलींनीच तिला नेले होते. शेवटपर्यंत बसली, रडली मात्र नाही. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाली, “भंडारा लई उधळलाय. एवढा आम्हास्नी कुठला मिळत होता?”