मदत हवी आहे: थायलंडमध्ये सेकंडहँड एमजी ३ घ्यावी का?

मंडळी, थायलंडमध्ये गाडी वापरणाऱ्यांकडून सल्ला हवाय. मी बँकॉकच्या आग्नेयेला किनाऱ्यावरच्या श्रीराचाला राहतो. रोज जवळच्या लाएम चबांग बंदराकडे जाणं-येणं आणि अधूनमधून बँकॉक. 2015-16 ची एमजी ३ बघितली आहे: 1.5 लिटर पेट्रोल, ऑटो-क्लचचा (एएमटी) गिअरबॉक्स. नाव ब्रिटिश असलं तरी कंपनी आता सैक (SAIC) या चिनी वाहन कंपनीची आहे, हे माहीत आहे. 2005 मध्ये एमजी रोव्हर ही जुनी ब्रिटिश कंपनी बुडाल्यानंतरची ही गाडी, त्यामुळे जुन्या एमजीची पुण्याई इथे धरत नाही.

दुसरा पर्याय 1.2 लिटरची टोयोटा यारिस. रस्ता कर इथे सीसीवर लागतो, पण दोघींत वर्षाला साधारण 450 बाहटचाच फरक, आणि पाच वर्षांनंतर कर उतरतोच. म्हणजे निर्णय त्यावर नाही. यारिस पक्की वाटते, पण हायवेवर ओव्हरटेक करताना दम लागतो. एमजी तिथे छान उचलते, वळणावरही घट्ट बसते. मन तिकडेच ओढतंय.

निळं रजिस्ट्रेशन बुक तपासलं, मालक एकच. गाडी उचलून खालूनही बघितली, गंज नाही. चालवताना मात्र पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना किंचित धक्का बसतो. विकणारा म्हणतो, एएमटीला तेवढं चालायचंच. नवीन गाडी बजेटमध्ये नाही, मॅन्युअल नको, ईव्हीला घरी चार्जिंगची सोय नाही.

सुखुमवित रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये ही एएमटी ज्यांनी वापरली आहे त्यांनी सांगा: हा धक्का खरंच नेहमीचा, की क्लच संपत आल्याची खूण? आणि पैसे देण्याआधी मेकॅनिककडून नेमकं काय तपासून घेऊ?