उद्यम नोंदण्या वाढल्या म्हणजे रोजगार वाढला? मला पटत नाही

टॉवेलवाला, सोलापूर
आमच्या कारखानदारांच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं: ‘जिल्ह्यात उद्यम नोंदण्या धडाधड वाढताहेत, म्हणजे रोजगारही वाढतोय. रडगाणं बंद करा.’ (उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम धंद्यांची सरकारी ऑनलाइन नोंदणी.) डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची शेड वडिलांनी १९८८ साली टाकली. उद्योग आधार ही आधीची नोंदणी होतीच. १ जुलै २०२० पासून उद्यम आलं, जुनं बाद होणार म्हणून पुन्हा नोंदणी केली. यादीत आम्ही ‘नवे’! तेव्हा आठ माग होते, आज चार चालतात. नेट कॅफेतल्या पोराने कामगारांचा रकाना आला तसा विचारलं, ‘किती टाकू?’ मी ‘सहा’ म्हणेपर्यंत त्याने दहा टाकून पुढचं पान उघडलं होतं. एक कागद जोडावा लागला नाही, सगळं स्वयंघोषित. शेजारी एकाच छपराखाली तीन नोंदण्या आहेत: बापाची, बायकोची, भावाची. वीस कामगार झाले की पीएफ लागतो ना, म्हणून. माणसं तीच, माग तेच. यात रोजगार कुठे वाढला?

शिलाईताई
दादा, तुमचं दुखणं खरं, पण सगळ्यांना एका मापात मोजू नका. मी शाळेचे गणवेश शिवते. माझ्याकडे वीस माणसं कधीच होणार नाहीत, म्हणजे पीएफच्या आकड्यात माझ्याकडे शिवणाऱ्या मुली कधीच दिसणार नाहीत. बँकेने उद्यम मागितलं, ते दिलं, कर्ज मिळालं, चार मशिनं घेतली. नोंदणीच नसती तर आम्ही कुणाच्या खिजगणतीत होतो?

डेट्रॉइटकर
इथे अमेरिकेत जनगणना खातं नव्या धंद्यांच्या अर्जांतून पगारी माणसं ठेवण्याची शक्यता असलेले अर्ज वेगळे काढतं. सरसकट अर्जांवरून रोजगार कुणी मोजत नाही.

टॉवेलवाला, सोलापूर
तेच म्हणतोय! चाळणी लावा.

हिशेबनीस
अहो, नोंदणीचा खरा उपयोग वसुलीला आहे, त्यावर बोला. आयकराचं ४३बी(एच) कलम आलं आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळेना. लेखी करार नसेल तर १५ दिवसच.

टॉवेलवाला, सोलापूर
उपयोग? २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं, ‘उद्यम रद्द करा, नाहीतर माल दुसरीकडून उचलतो.’ बावीस वर्षांचं गिऱ्हाईक! गाठी बांधून दारात पडल्या होत्या.

कापडपेठ
मी व्यापारी आहे. आमचीही बाजू ऐका. दुकानदार आम्हाला चार-चार महिने पैसे देत नाही. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण आम्हाला नाही. मधल्यामध्ये आम्हीच का मरायचं?

टॉवेलवाला, सोलापूर
मरायचं? तुमची उधारी माझ्या कामगारांच्या आठवड्याच्या पगारावर चालते! कांड्या भरणाऱ्या मावशीला मी काय सांगू, ‘सेठचा चेक आला की देतो’? तिने दोन आठवडे वाट बघितली आणि विडी वळायला परत गेली. तिची जागा अजून रिकामी आहे.

कापडपेठ
आवाज चढवू नका. सगळे व्यापारी सारखे नसतात. तुमच्या मावशीचं ऐकून वाईट वाटलं, एवढं मात्र खरं.

हुतात्मावाला
दर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांमध्ये माझ्या वयाची पोरं बघा. इंजिनिअरिंग करून आम्ही सगळे तिकडे. गावात नोंदणी वाढली की घटली, आम्हाला काय फरक पडला?

शिलाईताई
मूळ मुद्द्यावर या. दादा, मी प्रमाणपत्र काढून बघितलं. धंदा सुरू केल्याची तारीख २०१६ ची, नोंदणीची २०२१ ची. तुमच्या हिशेबाने मीही ‘नवी’ नाही, हे मान्य करते. पण नोंदणीच्या वेळी दोन मुली होत्या, आज सात आहेत. हा रोजगार नाही का?

टॉवेलवाला, सोलापूर
आहे. तुमच्यापुरतं मागे घेतो. पण एक सांगा, नंतर आकडा बदललात का?

शिलाईताई
नाही. नोंदीत अजून दोनच आहेत.