चर्चा: मेडिकल कॉलेजं वेगळ्या विद्यापीठात नेल्याने संशोधनाचं भलं झालं की नुकसान?

पेशीवाला:
१९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं मुंबई, पुणे, नागपूर अशा जुन्या विद्यापीठांतून निघून त्याला जोडली गेली. परीक्षा आणि अभ्यासक्रमात एकसारखेपणा आला, हे मान्य. पण जैववैद्यकीय संशोधनासाठी ही फाळणी ठरली असं माझं ठाम मत आहे. ही कॉलेजं पुन्हा जुन्या विद्यापीठांत विलीन करावीत, ही माझी मागणी.

पुण्याचंच बघा. गणेशखिंडीच्या आवारात विद्यापीठाचे प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेकचे विभाग आहेत आणि तिथेच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पेशी वाढवायची सगळी सोय तिथे आणि पेशंट मात्र ससूनमध्ये. क्षयाच्या जंतूवर पीएचडी करणारी मुलगी आणि त्याच जंतूवर एमडीचा थिसिस लिहिणारा निवासी डॉक्टर एकाच शहरात राहतात, पण विद्यापीठ वेगळं, गाईड वेगळे, संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी एथिक्स कमिटी वेगळी. एकमेकांचं काम त्यांना कळणार कसं?

वसंत खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. १९५२ साली परळला सुरू झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे संचालक होते आणि १९६० नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. रोग, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ ही तिन्ही जगं ज्याला आतून माहीत आहेत असा माणूस आजच्या रचनेत घडायला वावच राहिलेला नाही.

रात्रपाळी:
असहमत. मी सरकारी कॉलेजात एमडी करतोय. विद्यापीठ कुठलं याने मला काडीचाही फरक पडत नाही. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, एक दिवसाआड इमर्जन्सी. थिसिससाठी रक्त घेतो तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. ते तासाभरात गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वर सुटलेला पातळ भाग म्हणजे सीरम, तो छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांच्या फ्रीजरला टाकायचा. तेवढ्यात वॉर्डातून फोन येतो. परत येतो तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि पेशी फुटून नळीतलं सीरम लालसर होऊन वाया गेलेलं. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा करायचा म्हणून मग पेशंटचे नमुने कमी, मोजमापं सोपी आणि विषय असा की जो हमखास संपेल.

संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्सही आम्हाला सक्तीचा आहे. कोर्स चांगला आहे, पण तो शांतपणे बघायला वेळ कोण देणार? सीट वाढल्या, निवासी वाढले, पण तंत्रज्ञ तेवढेच राहिले. दुखणं इथे आहे.

जुनाफळा:
मी १९९८ च्या आधी शिकवायला लागलो. तेव्हा सगळं आलबेल होतं हा समज काढून टाका. जुन्या विद्यापीठात वैद्यकीय विद्याशाखा कोपऱ्यात पडलेली असायची. कला-वाणिज्याच्या लाखो उत्तरपत्रिकांपुढे आमच्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे थिसिसच्या आराखड्यांच्या, फायलींना कोण विचारतं? आवारातला विज्ञानाचा विभाग आणि आमचं कॉलेज तेव्हाही एकमेकांकडे फिरकत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बॉम्बे रक्तगटाचंच उदाहरण घ्या. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींवरचा एच प्रतिजन हा रेणूच नसलेला हा गट दाखवला, लंडनच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन. यात विद्यापीठाच्या कुठल्या समितीचा हात होता? चौकस नजर होती आणि योग्य माणसाशी पत्रव्यवहार होता. पुढे मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगटांवरची संस्था उभी राहिली तीही आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. ससूनला जोडलेल्या बी. जे. मेडिकलमध्ये एचआयव्हीवर अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सबरोबर जे काम झालं, ते तर आरोग्य विद्यापीठाच्या काळातलं. एचआयव्ही असलेल्या आयांच्या अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध देण्याची चाचणी पुणे, इथिओपिया आणि युगांडात झाली, निष्कर्ष २००८ साली छापून आले. विद्यापीठ वेगळं झाल्याने काय अडलं?

पेशीवाला:
सर, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जॉन्स हॉपकिन्स म्हणजे काय? १८८९ साली रुग्णालय, १८९३ साली मेडिकल स्कूल, आणि दोन्ही पहिल्यापासून एका विद्यापीठाशी बांधलेली. पुण्याच्या बाळांवरच्या संशोधनाला जोडीदार मिळाला तो बाल्टिमोरहून, गणेशखिंडीहून नव्हे. मला याचं वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं.

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आज उलट दिशेने चालली आहे. १९०९ पासून मूलभूत विज्ञान करणाऱ्या संस्थेला २०२२ साली ४२५ कोटींची देणगी मिळाली, ती आवारात रुग्णालय बांधायला. एमडी आणि पीएचडी एकत्र करणारे डॉक्टर तिथे घडवायचे आहेत. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या ते पेशंट आणताहेत. आपल्याकडे दोन्ही होतं आणि आपण मधोमध भिंत घातली.

बायोकेम_ताई:
भिंत विद्यापीठाची नाही, नेमणुकीच्या नियमांची आहे. माझं एमएस्सी मेडिकल बायोकेमिस्ट्री आणि पीएचडी. मेडिकल कॉलेजात आमच्यासारख्या, म्हणजे डॉक्टर नसलेल्या, शिक्षकांना बायोकेमिस्ट्रीत ५० टक्के, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्रात ३० टक्के जागा असायच्या. २०२० च्या नियमांनी त्या १५ टक्क्यांवर आणल्या, सूक्ष्मजीव आणि औषधशास्त्रात तर दारच बंद केलं. २०२५ मध्ये पुन्हा थोडं उघडलं, पण मधल्या पाच वर्षांत किती जण खासगी लॅबकडे आणि कंपन्यांकडे वळले!

रात्रपाळी, तुमचं सीरम वाया जाऊ नये म्हणून त्या खोलीत बसणारी माणसं आम्हीच होतो. ससून आणि गणेशखिंड उद्या एका विद्यापीठात आणा, पण खोलीत माणूस नसेल तर रक्त तसंच वाया जाणार.

रात्रपाळी:
ताई, शंभर टक्के सहमत. आमच्या विभागात अशा एक मॅडम होत्या. फ्रीजरच्या तापमानाची वही त्या रोज भरायच्या. त्या गेल्यापासून वही कोरी आहे.

जुनाफळा:
ताईंचा मुद्दा मला पटतो, मूळ धागा अजून नाही. पेशीवाला, तुम्ही म्हणता तसं सगळं पुन्हा एका विद्यापीठात आणलं तर पहिली पाच वर्षं कोर्टकचेऱ्या आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्यांत जातील. त्यापेक्षा दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांच्या गाईडना मान्यता द्यावी. एमडीच्या थिसिसला विज्ञान विभागातला सहमार्गदर्शक, पीएचडीला वॉर्डातला. एथिक्सची मंजुरी एकदाच. याला नवा कायदा लागत नाही.

पेशीवाला:
सहमार्गदर्शकाची मान्यता मला चालेल, उद्यापासून सुरू करा. पण पगार, बढती आणि अनुदान ज्या विद्यापीठाच्या नावाने मिळतं, माणूस शेवटी त्याच्यासाठीच राबतो. म्हणून विलीनीकरणाची मागणी मी सोडत नाही.