बाबांच्या किडनीतली पाण्याची गाठ: सुईने पाणी काढायचं की दुर्बिणीतून ऑपरेशन?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा ६७ वर्षांचे. उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ९ सेंमीची सिस्ट आहे. पूर्वी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली होती. तेव्हा लहान होती, "वयानुसार होतात, काही करू नका" असं सांगितलं होतं. आता उजवी कूस सतत जड वाटते, बूट घालायला वाकले की आत काहीतरी अडतंय म्हणतात. कॉन्ट्रास्ट सीटीत (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्ये) बोस्नियाक १, म्हणजे किडनीच्या गाठींच्या वर्गवारीतला सर्वात साधा, निरुपद्रवी प्रकार आलाय: भिंत पातळ, आत पडदे नाहीत, कॅल्शियम नाही. क्रिएटिनिन आणि लघवीचा रिपोर्ट नॉर्मल.

एक युरोलॉजिस्ट म्हणतात, सुईने पाणी काढून आत अल्कोहोल सोडू. दुसरे म्हणतात, लॅपरोस्कोपी करून गाठीचं छतच कापू. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यामुळे पूर्ण भूल द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. पण गाठ पुन्हा भरली तर? कुणाच्या घरी यातलं काही झालंय का?

प्रतिसाद १

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (सोनोग्राफी, सीटीत बघत सुई-नळीने उपचार करणाऱ्या) विभागात तंत्रज्ञ आहे. निर्णय डॉक्टरांचाच, मी रोज जे पाहते ते सांगते.

नुसतं पाणी काढलं तर गाठ बहुतेक वेळा परत भरते, कारण पाणी तयार करणारं आतलं अस्तर तसंच राहतं. अल्कोहोल सोडतात ते हे अस्तर मारण्यासाठी. जागेवरच भूल देऊन सोनोग्राफीत बघत सुई घालतात, मग बारीक पिगटेल (टोकाला वळण असलेली) नळी. ९ सेंमीच्या गोल गाठीत साधारण ३८० मिली पाणी असतं. ते फिकट पिवळं, स्वच्छ हवं. रक्ताळलेलं निघालं तर आमच्याकडे तिथेच थांबतात आणि नमुना तपासायला जातो. त्यानंतर नळीतून कॉन्ट्रास्ट सोडून गाठीचा लघवीच्या मार्गाशी संबंध नाही ना, हे पाहतात. ही पायरी गाळून अल्कोहोल सोडलं तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते, म्हणून हे करणार का, ते आधीच विचारा. अल्कोहोल थोडा वेळ आत ठेवतात, रुग्णाला कुशीवर वळवतात म्हणजे ते सगळीकडे लागतं, आणि मग परत ओढून घेतात.

पहिल्या काही आठवड्यांत सोनोग्राफीत थोडं पाणी पुन्हा दिसलं तर लगेच हाय खाऊ नका. पुष्कळदा ते पुढच्या महिन्यांत जिरतं.

प्रतिसाद २

माझ्या पत्नीची लॅपरोस्कोपी झाली, तिची गाठ पुन्हा भरली नाही. कापलेली भिंत पॅथॉलॉजीला जाते, हाही एक दिलासा. पण पूर्ण भूल लागते आणि पोटात भोकं पाडावी लागतात. गाठ किडनीच्या मध्यभागी, पेल्व्हिसला (किडनीत लघवी गोळा होते त्या पोकळीला) चिकटून असती तर अल्कोहोल धोक्याचं ठरलं असतं. तुमची खालच्या टोकाला आहे, म्हणजे सुईला सोयीची.

माझा मात्र एक आग्रह: दुखणं गाठीचंच आहे हे आधी पक्कं करा. त्या वयात कंबरेचे मणकेही कुशीत दुखवतात. आमच्या डॉक्टरांनी आधी फक्त पाणी काढून पाहिलं. दुखणं थांबलं, गाठ भरल्यावर परत आलं, तेव्हा कुठे ऑपरेशन ठरलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मणक्यांकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं, तेही दाखवून घेते. बाबांचा कल सुईकडेच आहे. अ‍ॅस्पिरिन आधी बंद करावी लागते का?

प्रतिसाद १

स्टेंट असेल तर स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना आणि सुई घालणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या त्याआधी करून घ्या. मध्येच ताप आला, लघवीत रक्त दिसलं किंवा कुशीत असह्य कळ आली तर तारखेची वाट न बघता थेट दाखवा.