'केस-सेन्सिटिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुस्वार
एका संस्थेच्या लॉगिनच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. तिथे काही मशीन विंडोजची आहेत, काही लिनक्सची, आणि सगळ्यांची खाती एकाच डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या सामायिक यादीत. मूळ वाक्याचा आशय एवढाच: यूजरनेम केस-सेन्सिटिव्ह नाही (म्हणजे इंग्रजी अक्षर कॅपिटल की स्मॉल याने फरक पडत नाही), पासवर्ड आहे. मी लिहिलं, 'वापरकर्तानाव केस-संवेदनशील नाही, पासवर्ड आहे.' तपासणाऱ्या बाईंनी ते परत पाठवलं. मराठी वाचकाला केस म्हणजे डोक्यावरचे, नाहीतर कोर्टातली, असं त्यांचं म्हणणं. मग 'लिपिसंवेदी' केलं. त्यावर त्या म्हणाल्या, लिपी रोमनच राहते, बदलतं ते अक्षराचं रूप. तुमच्याकडे काय रूढ आहे?

मीमांसक
बाईंचं बरोबर आहे, पण माझा आक्षेप 'संवेदनशील'वर जास्त आहे. संवेदना सजीवाला असते. यंत्र दोन अक्षरांत भेद करतं, म्हणून 'अक्षररूपभेदी' म्हणा. उलट अर्थी 'अक्षररूप-अभेदी'. संस्कृतात भेदाला स्वच्छ धातू आहे, तो सोडून इंग्रजीची सावली कशाला धरायची?

शेंडेफळ
मीमांसक, मराठीत 'भेदी' ऐकला की घरभेदी आठवतो, मर्मभेदी आठवतो. 'पासवर्ड अक्षररूपभेदी आहे' हे वाचून कुणालाही वाटेल की पासवर्ड फोडण्याचीच काही सोय आहे. धातू स्वच्छ असेल, रूढी काय म्हणते ते पाहा ना.

जुनाखिळा
अनुस्वारताई, 'लिपी' इतक्या लवकर टाकून देऊ नका. आमच्या मराठी शाळेत कॅपिटल म्हणजे पहिली लिपी आणि स्मॉल म्हणजे दुसरी. तिसरी-चौथी वळणदार हाताची. 'नाव पहिल्या लिपीत लिही' असं गुरुजी सांगायचे आणि कुणाचाही घोटाळा होत नसे. म्हणजे या अर्थी लिपी शब्द मराठीत वापरून झालेला आहे.
आणि 'केस' आला छापखान्यातून. इंग्रजी अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईचे ठसे, दोन पेट्यांत ठेवायचे, मोठी अक्षरं वरच्या पेटीत, लहान खालच्या. आपल्या खिळ्यांना काने, मात्रा, जोडाक्षरं यांचे कितीतरी जास्त खण लागायचे, पण एकाच अक्षराची मोठी-लहान जोडी कधी नव्हतीच. जी गोष्ट आपल्या लिपीत नाही, तिला घरचा शब्द कुठून मिळणार?

शेंडेफळ
आमच्याकडे नुसतं मोठी एबीसीडी, छोटी एबीसीडी. पहिली-दुसरी लिपी मी आजीच्या तोंडून ऐकली आहे, आजच्या विशीतल्या मुलाला ती कळणार नाही.

सर्व्हररूम
शब्द ठरवण्याआधी एक सांगतो. अनुस्वारताईंचं मूळ वाक्यच अर्धं खरं आहे. विंडोजवर आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची खात्यांची डिरेक्टरी) यूजरनेमचं अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, हे ठीक. पण लिनक्सच्या लेखी मोठ्या एसने सुरू होणारा 'सुनील' आणि छोट्या एसचा 'सुनील' ही दोन वेगळी माणसं. (इथे देवनागरीत तो फरक दाखवताही येत नाही.) खरी पंचाईत मधल्या थरात होते. एलडॅपमध्ये, म्हणजे डिरेक्टरीला विचारणा करायच्या प्रमाण पद्धतीत, यूआयडी हा यूजरनेमचा गुणधर्म लहान-मोठं एकच धरतो. पण गटातल्या सभासदांची नावं ज्या मेंबर-यूआयडीत असतात, तो १९९८ च्या आरएफसी २३०७ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो.
मी पाहिलेलं प्रकरण असं. जुन्या पद्धतीची जोडणी होती. माणसाने नावाचं पहिलं अक्षर मोठं टाइप केलं. पासवर्ड बरोबर, लॉगिन झालं. पण सामायिक फोल्डर उघडेना. सगळे फोल्डरच्या परवानग्या तपासत बसले, त्या ठीकच होत्या. शेवटी 'आयडी' कमांड चालवून पाहिलं तर माणूस स्वतःच्या मूळ गटात तेवढा, बाकी गट गायब. एकाच नावाला दोन ठिकाणी दोन नियम लागले होते. अशा वेळी 'यूजरनेम संवेदी नाही' हे वाक्य वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावतं.

अनुस्वार
हे मला माहीत नव्हतं. मग माहितीपत्रकात काय लिहावं?

सर्व्हररूम
'यूजरनेम कायम लहान अक्षरांतच टाइप करा.' विशेषणच नको. खाती उघडतानाही सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा. डेबियन या लिनक्स-प्रकारातलं खाती उघडायचं साधन अॅडयूजर तर मूळ सेटिंगवर मोठ्या अक्षराचं नाव घेतच नाही. फक्त एक सांभाळा, केर्बेरोस या ओळख पटवायच्या पद्धतीतलं रिअल्म, म्हणजे क्षेत्राचं नाव, मोठ्या अक्षरांत लिहायची रीत आहे आणि तिथे फरक मोजला जातो. हाताने लहान लिहिलं तर तिकीट, म्हणजे ओळख पटल्याचा परवाना, मिळणार नाही.

मीमांसक
पण हे भाषांतर नव्हे, हे सूचनेचं पुनर्लेखन झालं. मूळ लेखकाने गुणधर्म सांगितला आहे, तुम्ही आज्ञा देताय. प्रशासकासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत विशेषणाशिवाय कसं भागेल?

सर्व्हररूम
प्रशासकाला तर एक विशेषण पुरतच नाही. लिनक्सला डिरेक्टरीशी जोडणाऱ्या एसएसएसडी या प्रोग्रॅममध्ये लहान-मोठ्याच्या सेटिंगला तीन किमती आहेत. एक, फरक मानायचा. दोन, मानायचा नाही आणि नाव लहान अक्षरांत करून द्यायचं. तीन, मानायचा नाही, पण नाव डिरेक्टरीत जसं आहे तसंच दाखवायचं. तुमचं भेदी-अभेदी तिसऱ्याला काय म्हणेल?

मीमांसक
रूपरक्षी.

शेंडेफळ
'धरणे' हे आपलं रोजचं क्रियापद आहे की. 'लिनक्स मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतं, विंडोज एकच धरतं.' कोण धरतं तेही वाक्यातच येतं, आणि सर्व्हररूमच्या प्रकरणात नेमकं तेच तर कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

जुनाखिळा
शेंडेफळ, हे पटलं. जोडीला एक जुनी गोष्ट. पूर्वीच्या काही टर्मिनलना फक्त मोठी अक्षरं यायची. म्हणून युनिक्सवर लॉगिनचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत टाइप केलं, की यंत्र समजायचं टर्मिनल तसलं आहे, आणि पुढचं सगळं लहान करून घ्यायचं. म्हणजे लिनक्सच्या पूर्वजालाही कधीकधी एकच धरावं लागायचं.

कानामात्रा
'मोठ्याचं लहान करणं'सुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. तुर्की भाषेत आय या मोठ्या अक्षराचं लहान रूप बिनटिंबाचं असतं. प्रोग्रॅमने तुर्की सेटिंग धरून नाव लहान केलं, तर ते डिरेक्टरीतल्या टिंबवाल्या नावाशी जुळत नाही. तेव्हा 'लहान अक्षरांत' हा शब्दप्रयोगही भाषेगणिक वेगळा.

मीमांसक
सगळे एका गोष्टीवर गप्प आहेत, म्हणून विचारतो. 'वापरकर्तानाव' हा समास कसा चालतो? मातृभाषा, पितृगृह, तसं कर्तृनाव व्हायला हवं.

शेंडेफळ
'वापर' मराठी आणि पुढे 'कर्तृ' जोडायचं? 'मातानाव' खटकतं म्हणून 'वापरकर्तानाव'ही खटकलंच पाहिजे असं कुठे आहे? लोक तर 'यूजरनेम'च म्हणतात.

अनुस्वार
मी सध्या 'यूजरनेम लहान अक्षरांतच टाइप करा' असं पाठवते आहे. पासवर्डच्या वाक्यात 'वेगळं धरलं जातं' असा कर्मणी प्रयोग बाईंना चालेल का? त्यांना कर्मणीचंही वावडं आहे.

मीमांसक
आधी समासाचं ठरवा.